दोन कथा, एक संध्याकाळ

तालुक्याच्या गावी होणाऱ्या साहित्यिक कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका बारकाईने वाचण्यासारखी असते. वर सरस्वतीचे चित्र, त्याखाली संस्थेचे नाव आणि स्थापनेचे साल. मग अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, स्वागतोत्सुक अशी नावांची उतरंड लागते. या उतरंडीच्या तळाशी, उरलेल्या जागेत, बारीक टाइपात एक ओळ असते : 'कथावाचन – आपल्या गावचे दोन लेखक'. ज्यांच्यासाठी मांडव घातला, त्यांचे नाव सर्वांत शेवटी!

कार्यक्रमही पत्रिकेबरहुकूमच होतो. सहाची वेळ दिलेली असते. पाहुण्यांची गाडी पावणेसातला येते. दीपप्रज्वलनाच्या वेळी वाऱ्याने काडी तीनदा विझते. प्रतिमापूजन, स्वागतगीत, हार-तुरे, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचयाला पाहुण्यांनी दिलेले विनयपूर्वक उत्तर आणि मग त्यांचे 'दोन शब्द'. हे दोन शब्द संपेपर्यंत पुढच्या रांगेतली मुले आईच्या मांडीवर झोपलेली असतात. आठ वाजून गेल्यावर सूत्रसंचालक माइकपाशी येऊन म्हणतो, "वेळेअभावी आपले दोन्ही लेखक आपल्या कथा थोडक्यात वाचतील."

आता कथा थोडक्यात कशी वाचायची, हे त्या सूत्रसंचालकालाच ठाऊक. भाषण आवरते घेता येते, आभार उरकता येतात. पण कथेतले चौथे पान गाळले तर पाचव्या पानावर रडणारी बाई का रडते आहे, हे ऐकणाऱ्याला कळायचे कसे?

यातला विनोद सोडून देऊ. पण गावातल्या दोन लेखकांनी गावातल्याच शे-दीडशे माणसांपुढे आपल्या कथा वाचाव्यात आणि माणसांनी त्या शांतपणे ऐकाव्यात, ही गोष्ट दिसते तेवढी किरकोळ नाही. तिला खर्च नाममात्र लागतो. तिच्यामागे मोठी परंपरा आहे. आणि आपल्या भाषेचे जे आज खरोखर पणाला लागलेले आहे, त्याच्याशी तिचा जवळचा संबंध आहे. म्हणून या रविवारी तिच्याविषयी चार गोष्टी बोलाव्यात असे वाटले.

ऐकण्याची जुनी सवय

मराठी माणूस कथा वाचायला लागला तो अलीकडे. ऐकत मात्र तो शेकडो वर्षे आला आहे. देवळात नारदीय कीर्तन होई, तेव्हा बुवा पूर्वरंगात अभंगाचे निरूपण करीत. पण बायाबापड्या आणि पोरेसोरे खरी सरसावून बसत ती उत्तररंगाला, कारण तेव्हा आख्यान लागे. आख्यान म्हणजे गोष्टच. चातुर्मासात घरोघरी पोथी लागे. श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' एकजण वाची आणि वाड्यातली वीस माणसे ऐकत. त्या विसांतल्या अनेकांना अक्षरओळख नव्हती, पण कथा कुठे थांबते, कुठे वळते, सांगणारा कुठे घाई करतो, याची त्यांची जाण पक्की होती.

छापील गोष्ट आली ती एकोणिसाव्या शतकात. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केले आणि मराठी कुटुंबाला दर आठवड्याला घरबसल्या वाचायला गोष्ट मिळू लागली. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि कथेला तिचा हक्काचा हंगाम मिळाला. पण छपाईबरोबर एक बदल हळूच झाला. गोष्ट चारचौघांची होती, ती एकट्याची झाली. पूर्वी एक वाची आणि वीस ऐकत. आता वीसजण आपापल्या कोपऱ्यात वाचू लागले. त्यात लाभ होताच. एकट्याने वाचताना माणूस मागे वळून पाहू शकतो, एका वाक्यापाशी थबकू शकतो. पण कथेचा आवाज कमी झाला, हेही खरे.

तो आवाज पुन्हा मोठा केला तो शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी. साठच्या दशकापासून हे त्रिकूट महाराष्ट्रभर हिंडले. गणेशोत्सव, व्याख्यानमाला, महाविद्यालयांची संमेलने, साखर कारखान्यांची पटांगणे, जिथे बोलावणे येईल तिथे. नेपथ्य नाही, वेषभूषा नाही, पेटी-तबला नाही. तीन खुर्च्या, एक माइक आणि तिघांच्या तीन तऱ्हा. पाटील कोल्हापूरकडचे, पट्टणकोडोलीचे, मिरासदार अकलूजला जन्मलेले आणि पंढरपुरात वाढलेले, माडगूळकर माणदेशातले. तिघांची भूमी एकमेकींपासून फार लांब नाही, पण तिघांच्या मराठीचा हेल निराळा आणि विनोदाची जातही निराळी. पाटलांची 'धिंड', मिरासदारांची 'माझ्या बापाची पेंड' आणि 'भुताचा जन्म' या कथा ज्यांनी कधी पुस्तकात पाहिल्या नाहीत, अशा हजारो लोकांना त्या ऐकून ठाऊक झाल्या.

कथाकथन म्हणजे काहीतरी हलकीफुलकी करमणूक, असे नाक मुरडणारेही तेव्हा होते. पण पुढे काय झाले ते पाहा. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद १९८३ साली अंबाजोगाईला माडगूळकरांकडे आले, १९८५ साली नांदेडला पाटलांकडे आणि १९९८ साली परळी वैजनाथला मिरासदारांकडे. जत्रेच्या गर्दीपुढे कथा सांगणारे तिघेही साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर बसले. पाटील १९९४ साली गेले, माडगूळकर २००१ साली आणि मिरासदार २०२१ साली. त्या तीन खुर्च्या आता रिकाम्या आहेत.

त्यांच्या जोडीने व. पु. काळे यांचे नाव घ्यायला हवे. मुंबई महापालिकेत वास्तुविशारदाची नोकरी करणाऱ्या वपुंनी चाळीतला, फ्लॅटमधला, लोकलमधला मध्यमवर्गीय माणूस मंचावर आणला आणि पुढे कॅसेटमधून तो घराघरांत पोचवला. गिरिजा कीर यांनीही कथाकथनाला वर्षानुवर्षे वाहून घेतले आणि ही काही पुरुषांचीच मिरास नाही, हे दाखवून दिले. साने गुरुजी कथामालेने शाळाशाळांतून मुलांना गोष्ट ऐकायची गोडी लावली. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कितीतरी वाचकांची पुस्तकांशी पहिली ओळख अशी कानांनी झालेली आहे.

सांगणे वेगळे, वाचणे वेगळे

मात्र एक फरक लक्षात घेतला पाहिजे. कथाकथन आणि कथावाचन या दोन गोष्टी एक नाहीत. कथाकथनकार कथा पाठ करतो, किंबहुना ती अंगी मुरवतो. श्रोता हसला की थांबतो, नाही हसला तर एक वाक्य वाढवतो. समोरची माणसे पाहून तो आपल्या कथेला दर वेळी थोडे निराळे कापड शिवतो. वाचन करणाऱ्याच्या हाती कागद असतो. त्या कागदावर जे आहे, जसे आहे, तेच त्याने ऐकवायचे असते. त्याला नक्कल यायची गरज नाही, अभिनय तर नाहीच नाही.

कथाकथनाच्या यशाने मराठी कथेचे एक नुकसानही केले, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. श्रोत्यांना वाटू लागले की कथेचा कार्यक्रम म्हणजे हसण्याचा कार्यक्रम. आयोजकही लेखकाला विचारू लागले, "विनोदी आहे ना? लोकांना विनोदी लागतं." मग ज्याच्या कथेत कर्जबाजारी बाप आहे, परतून माहेरी आलेली मुलगी आहे, बंद पडलेली गिरणी आहे, तो लेखक एक तर मागे राहिला किंवा ओढूनताणून दोन विनोद घालू लागला. ऐकणाऱ्यांनी हसावे म्हणून लिहिलेली कथा आणि ऐकणाऱ्यांना हसू आले अशी कथा यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. वर सांगितलेल्या तिघांची कथा दुसऱ्या जातीची होती. ती खाली पडली की माणसाचे दुःखही तिच्यातून सांडत असे. त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी फक्त हशा उचलला.

आणि काही मोठे लेखक मंचावर कधी आलेच नाहीत, हेही विसरता कामा नये. जी. ए. कुलकर्णी आयुष्यभर सभासमारंभांपासून दूर राहिले. त्यांची कथा ही एकट्याने, रात्री, दिव्याखाली वाचायची कथा. म्हणून लेखकाला माइकपुढे उभे राहता आलेच पाहिजे, असा हट्ट कोणी धरू नये. ज्याला वाचायचे आहे, त्याला मात्र नीट वाचू द्यावे, एवढेच म्हणणे आहे.

परदेशात लेखकाने स्वतःची कथा वाचण्याची प्रथा जुनी आहे. चार्ल्स डिकन्सने १८५३ साली बर्मिंगहॅमला पहिले मोठे जाहीर वाचन केले, आणि त्यातली एक संध्याकाळ कामगारांना परवडेल अशा दरात झाली पाहिजे, असा आग्रह धरला. पुढे या वाचनांनी त्याला अमाप पैसा दिला आणि त्याची प्रकृतीही पोखरली. शेवटच्या वाचनांच्या वेळी त्याचा डॉक्टर नाडी मोजत बसलेला असे. मार्च १८७० मध्ये त्याने लंडनला अखेरचे वाचन केले आणि जूनमध्ये तो गेला. आपल्या गावच्या लेखकाची नाडी मोजायची वेळ येणार नाही. पण आपले शब्द आपल्याच तोंडून माणसांपर्यंत जावेत, ही ओढ मात्र तीच आहे.

अक्षराला जे पकडता येत नाही

कोणी म्हणेल, कथा छापून आली आहे, ज्याला हवी तो वाचील. मग ती ऐकायची कशाला? याचे उत्तर आपल्या लिपीतच आहे. 'जग' आणि 'जगणे' हे दोन शब्द लिहून पाहा. दोन्हींत 'ज' एकच आहे. पण उच्चार एक आहे का? 'चहा'तला च आणि 'चाका'तला च, 'जीव'मधला ज आणि 'जावया'तला ज यांचे उच्चार निराळे. आपण ते आईच्या तोंडून शिकतो, पुस्तकातून नव्हे. इंग्रजी शाळेत जाणारा नातू मराठी वाचताना अडखळतो तो नेमका इथे. त्याला अक्षर येते, पण आवाज ठाऊक नसतो.

ही झाली प्रमाण मराठीची गोष्ट. बोलीचा मामला तर याहून नाजूक. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली वऱ्हाडी, रा. रं. बोराड्यांच्या 'पाचोळा'मधली मराठवाडी ही छापील पानावर जेवढी उतरते तेवढी उतरली आहे, आणि ती मोठीच कामगिरी आहे. तरी सातारच्या वाचकाने मनातल्या मनात वाचलेली वऱ्हाडी ही सातारी वळणाचीच असते. अमरावतीकडच्या माणसाने तोच परिच्छेद मोठ्याने वाचावा, मग कळते की आपण आजवर त्या वाक्याचा निम्माच अर्थ लावत होतो. कुठला शब्द ओढायचा, कुठला गिळायचा, 'हो' म्हणताना नकार कसा सुचवायचा, हे कागदावर लिहिता येत नाही.

स्थानिक लेखकाचे महत्त्व इथे आहे. तो महाराष्ट्रभर गाजलेला नसेल. त्याच्या कथेची बांधणी कुठे सैल असेल. पण आपल्या गावच्या बाजारात भाव करताना जी मराठी बोलली जाते, नळावर जी भांडते, मयताच्या घरी जी हळू होते, ती फक्त त्याच्याच कागदावर आहे. मालवणी, अहिराणी, झाडीबोली, वऱ्हाडी, कोल्हापुरी असे आपण मोठ्या अभिमानाने मोजतो. पण त्या त्या गावी त्या बोलीतली कथा शेवटची कधी मोठ्याने वाचली गेली, असे विचारले तर बहुतेकांना आठवावे लागेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाची गोष्ट झाली. पेढेही वाटले गेले. दर्जा हा भूतकाळाकडे पाहून मिळतो, भाषा मात्र पुढच्या पिढीच्या कानांवर जगते. ज्या मुलाने आपल्या गावच्या मराठीत लिहिलेली एखादी गोष्ट कधी कानांनी ऐकली नाही, त्याला अभिजात या शब्दाचा अर्थ परीक्षेपुरताच कळेल.

ओळखीच्या माणसांसमोर

गावातल्या माणसांपुढे वाचणे हे पुण्या-मुंबईच्या सभागृहात वाचण्यापेक्षा अवघड असते. तिथे ऐकणारे अनोळखी. इथे पहिल्या रांगेत शाळेतले गुरुजी, दुसऱ्या रांगेत व्याही, तिसऱ्या रांगेत उधारी थकलेला किराणा दुकानदार. कथेत एक कंजूष सासरा आला की अर्धी सभा माना वळवून कोणाकडे तरी पाहते. लेखकाने कितीही सांगितले की ही व्यक्ती काल्पनिक आहे, तरी गाव ऐकत नाही. "काल्पनिक कसली? तो आमचा बापूच आहे!"

लेखिका असेल तर हे ओझे दुप्पट होते. घरचे सगळे आवरून, रात्री ओट्याच्या कडेला वही ठेवून लिहिलेली कथा ती वाचायला उभी राहते आणि समोर सासरची चार माणसे असतात. कथेतल्या सुनेला जे वाटते ते हिला वाटते का, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेला असतो. अशा वेळी ती आवाज न कापता शेवटच्या ओळीपर्यंत वाचत जाते, हे धाडस साधे नाही. उद्या सकाळी दूध घ्यायला त्याच गल्लीत जायचे असते.

पण हीच या कार्यक्रमाची ताकद आहे. दूरच्या लेखकाची कथा ऐकून आपण 'काय छान लिहितो!' म्हणतो आणि घरी जाऊन जेवतो. आपल्या गावच्या माणसाने आपल्याच गावच्या दुखण्यावर बोट ठेवले की जेवणाच्या ताटावर बोलणे निघते. सासू म्हणते, ती मुलगी बरोबरच होती. सासरे म्हणतात, तसे नाही. मुलगा मोबाइल बाजूला ठेवून विचारतो, कोणती मुलगी? कथेने एवढे केले तरी तिचे काम झाले. भाषणातून सांगितलेली गोष्ट माणसे अंगावर घेत नाहीत. गोष्टीतून सांगितलेली घेतात, कारण तिथे कोणी कोणाला उपदेश करीत नसतो.

लेखकाच्या बाजूनेही पाहा. लहान गावातल्या लेखकाचे पुस्तक निघते तेव्हा बहुधा त्याच्याच खिशाला चाट बसलेली असते. प्रती घरी येतात, त्यातल्या काही भेटीदाखल जातात, उरलेल्या पलंगाखाली राहतात. परीक्षण येत नाही. आले तरी 'लेखकाच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा' एवढ्यावर आटोपते. आपण लिहिलेले कोणापर्यंत पोचले का, हे त्याला कळायचा मार्गच नसतो. वाचनाच्या संध्याकाळी तो मार्ग पहिल्यांदा उघडतो. कुठे सभा स्तब्ध झाली, कुठे चुळबुळ सुरू झाली, कुठल्या वाक्याला मागून कोणी 'अरे देवा' म्हटले, हे त्याला जागच्या जागी कळते. कोणत्याही समीक्षकापेक्षा ही परीक्षा कडक आणि प्रामाणिक असते. पुढची कथा लिहिताना तो त्या चुळबुळीची आठवण ठेवील. त्याचे लेखन सुधारले तर ते त्या खुर्च्यांवरच्या माणसांमुळे.

संध्याकाळ कशी असावी

आता थोडे व्यवहाराचे बोलू. पहिली गोष्ट, लेखक दोनच असावेत. एकच असला तर तो त्याचा सत्कार होतो. पाच असले तर स्पर्धा होते आणि प्रत्येकजण घड्याळाकडे पाहत वाचतो. दोघांत तुलना होते, पण भांडण होत नाही. एक शेतीवाडीचे लिहिणारा असला तर दुसरी शहराच्या कडेला नव्याने उभ्या राहिलेल्या वसाहतीचे लिहिणारी असावी. एक साठीचा, तर दुसरी पंचविशीची. श्रोत्यांना एकाच गावाच्या दोन खिडक्या दिसतात.

दुसरी गोष्ट वेळेची. संथ आणि स्पष्ट वाचले तर मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात. अडीच हजार शब्दांच्या कथेला वीस मिनिटे लागतात, पाच हजारांच्या कथेला चाळीस. चाळीस मिनिटांपलीकडे चांगला श्रोताही खुर्चीत सरकू लागतो. दोन कथा, मध्ये चहा, शेवटी पंधरा मिनिटे गप्पा असे धरले तर पावणेदोन तासांत सगळे आटोपते आणि माणसे जेवायच्या वेळेला घरी पोचतात. कुटुंबातल्या सर्वांनी यावे असे वाटत असेल, तर ही काळजी घ्यावीच लागते.

तिसरी गोष्ट लेखकाने करायची. कथा मोठ्या अक्षरात, एका बाजूला छापून न्यावी. घरी दोनदा मोठ्याने वाचून पाहावी. जिथे दम लागतो तिथे वाक्य लांब झाले आहे असे समजावे. "ही कथा मला कशी सुचली" हे आधी सांगू नये. कथेला स्वतःचे तोंड आहे. संवाद वाचताना सोंगे आणू नयेत. "माझा घसा जरा बसला आहे", "वाचायची सवय नाही" असल्या दिलगिऱ्या नकोत. आणि शेवटची ओळ झाली की थांबावे. कथेचे तात्पर्य सांगणे म्हणजे जेवण झाल्यावर पाहुण्याला भाजीत काय काय घातले होते ते मोजून दाखवणे.

चौथी गोष्ट आयोजकांची. प्रमुख पाहुणे नकोत, असतील तर त्यांनी श्रोत्यांत बसावे. सूत्रसंचालकाने लेखकाचे नाव, गाव आणि पुस्तक एवढे सांगून बाजूला व्हावे. दाराशी एका टेबलावर दोघांची पुस्तके विक्रीला ठेवावीत, आणि फुकट मागणाऱ्याला हसून किंमत सांगावी. आणि लेखकाला मानधन द्यावे. शाल आणि श्रीफळ हा सन्मान आहे हे मान्य. पण बहुतेक लेखकांच्या कपाटात शालींची चळत झालेली असते, आणि नारळाची चटणी दुसऱ्या दिवशी संपते. मांडववाल्याला, माइकवाल्याला, चहावाल्याला पैसे देताना कोणी त्यांना सरस्वतीची सेवा करायला सांगत नाही. मग ज्याच्यासाठी लोक आले, त्यालाच ते का सांगावे? रक्कम लहान असेना का, पाकिटात घालून द्यावी.

जागा आहे, माणसेही आहेत

या सगळ्याला जागा कुठे, असे विचारायचे कारण नाही. महाराष्ट्रात वाचनालयांची परंपरा मोठी आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. तो आधार तोकडा आहे, वेळेवर येत नाही, ग्रंथपालाला मिळणारा पगार सांगायलाही लाज वाटावी असा आहे, ही तक्रार खरीच. तरी एक खोली, काही खुर्च्या आणि दाराला कुलूप लावणारे एक विश्वासू माणूस बहुतेक वाचनालयांत आजही आहे. कथावाचनाला याहून जास्त लागत नाही.

निमित्तेही आयती आहेत. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून आणि १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. दोन्ही दिवशी वाचनाच्या महत्त्वावर भाषणे होतात. वाचन चांगले, असे तासभर ऐकवण्याऐवजी वीस मिनिटे काहीतरी चांगले वाचून दाखवले तर तोच मुद्दा मुलांना लवकर पटेल. दिवाळी झाल्यावर एक, मराठी भाषा दिनाला एक, उन्हाळी सुटीत एक आणि श्रावणात एक, अशा वर्षाला चार संध्याकाळी कोणत्याही वाचनालयाला सहज जमतील. चार संध्याकाळी म्हणजे आठ लेखक. आपल्या तालुक्यात आठ लिहिणारी माणसे आहेत का, अशी शंका ज्यांना येईल त्यांनी एकदा ग्रंथपालाला विचारावे. तो बारा नावे सांगेल, त्यातली दोन तुमच्याच आळीतली निघतील.

ऐकणारे येतील का, ही खरी शंका. एके काळी दूरदर्शनने लोक घरात बसवले, मग केबलने, आता मोबाइलने. पण ऐकण्याची भूक मेलेली नाही. २०१७ साली 'स्टोरीटेल'ने भारतात ऐकायची पुस्तके आणली तेव्हा इंग्रजी आणि हिंदीच्या बरोबरीने मराठी निवडली. २०२०च्या टाळेबंदीत घराबाहेर पडता येईना, तेव्हा लोकांनी फोनवरून एकमेकांना कथा वाचून ऐकवल्या. स्वयंपाक करताना, प्रवासात, सकाळी फिरताना कानात कथा ऐकणारी माणसे आज आपल्या आजूबाजूला आहेत. त्यांची गोष्ट पुन्हा एकट्याची झाली आहे, एवढेच. तिला शेजार मिळवून द्यायचा आहे.

शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने त्याच वाक्याला श्वास रोखला, हे कळण्यात एक निराळे समाधान असते. ज्याच्याशी बांधावरून किंवा पार्किंगवरून वाद आहे, तोही त्याच ठिकाणी डोळे पुसतो, हे दिसले की वाद मिटत नाही, पण त्याची धार थोडी कमी होते.

तेव्हा पुढच्या वेळी निमंत्रणपत्रिका हाती येईल तेव्हा वरची नावे सोडून सरळ तळाची बारीक ओळ वाचावी. तिथे आपल्या गावच्या दोन माणसांची नावे असतील. घरातली मुले बरोबर घ्यावीत, वेळेवर जावे, पुढच्या रांगेत बसावे आणि फोन बंद करून पिशवीत ठेवावा. कथा आवडली तर पुस्तक विकत घ्यावे. नाही आवडली तर चहाच्या वेळी लेखकाला तसे नीट शब्दांत सांगावे. त्याला त्याचा राग येणार नाही, कारण तेवढ्यासाठीच तो उभा राहिलेला असतो.